की-लॉगिन दुरुस्त केलं की चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद: होम फोल्डरच्या परवानग्यांचा घोळ

पाऊसपाणी (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांतून रोज सकाळी साडेआठची पावसाची नोंद झाली की तिची फाइल एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवायची सोय) आमच्या सर्व्हरवर येते. प्रत्येक तालुक्याला एक खातं: परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. पासवर्ड बंद आहे, फक्त की चालते (सार्वजनिक की सर्व्हरवर, तिची खासगी जोडी तालुक्याच्या मशीनवर).

आधी उबुंटू २०.०४ होतं, तिथं या बाबतीत कधी तक्रार नव्हती. आता नव्या मशीनवर अल्मालिनक्स ९ टाकलंय आणि होम फोल्डर आरसिंकने एसीएलसकट (नावानं खात्यांना दिलेल्या जास्तीच्या परवानग्या) जसेच्या तसे आणलेत. सात खाती /होम मध्ये आहेत. जिंतूर आणि गंगाखेड फोटोही पाठवतात, म्हणून ती दोन दुसऱ्या डिस्कवर, /होम२ मध्ये ठेवली.

आता एकाचंही लॉगिन होईना झालंय. क्लायंटवर फक्त ‘परमिशन डिनाइड (पब्लिककी)’. सात खात्यांच्या होमवर चमॉड ७५० (मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं आणि आत जाणं, इतरांना काही नाही) मारलं की लगेच चालतं, दिवसभर चालतं, आणि सकाळी पुन्हा बंद. स्टॅट बघावं तर ७५० चं ७७० झालेलं, म्हणजे ग्रुपलाही लिहायची परवानगी. जिंतूर-गंगाखेड तर चमॉड करूनही चालेनात. .एसएसएच फोल्डर ७०० आहे, ऑथराइज्ड_कीज ६०० आहे, मालक बरोबर आहेत. पावसाळा तोंडावर आलाय, कसं करावं?

गोदाकाठचा_रूट (नांदेड)

क्लायंटच्या मेसेजवर वेळ घालवू नका. नकाराचं कारण तो मुद्दामच सांगत नाही, नाहीतर बाहेरच्या माणसाला आयतीच माहिती मिळेल. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. उबुंटूवर ते /व्हार/लॉग/ऑथ.लॉग होतं, अल्मावर /व्हार/लॉग/सिक्युअर आहे. एका टर्मिनलमध्ये टेल -एफ लावून ठेवा, दुसऱ्या मशीनवरून सेलू खात्याने लॉगिन करा, आणि ओळ इथं टाका. मग जिंतूरचं वेगळं करा. माझा अंदाज, या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

आणि हे पण चालवून बघा:

नेमआय -एल /होम/सेलू/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

मुळाच्या / पासून फाइलपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक, ग्रुप आणि मोड ओळीनं दिसेल. फक्त शेवटच्या फाइलचं एलएस बघून काही कळत नाही.

पाऊसपाणी (परभणी)

सेलूची ओळ: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी /होम/सेलू’.

जिंतूरला असं काहीच येत नाही, नुसतं कनेक्शन बंद झाल्याची ओळ. नेमआयमध्ये /होम/सेलू ७७० दिसतंय, मोडच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह आहे. बाकी ठीक.

लातूरी_शेल (लातूर)

एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये (एसएसएचडी म्हणजे एसएसएचचा सर्व्हर, ही त्याची सेटिंगची फाइल) ‘स्ट्रिक्टमोड्स नो’ टाका, म्हणजे परवानग्यांची तपासणी बंद, आणि सर्व्हिस रीलोड करा. दोन मिनिटांचं काम.

गोदाकाठचा_रूट (नांदेड)

लातूरकर, चालेल हो, पण ही तपासणी उगीच ठेवलेली नाही. फाइल ६०० असली तरी ती ज्या फोल्डरात आहे तिथं दुसऱ्याला लिहिता येत असेल, तर तो .एसएसएचचं नाव बदलून बाजूला सारतो आणि त्याच नावाचं स्वतःचं फोल्डर ठेवतो. फाइलला हात न लावता त्याची की आत शिरली. म्हणून एसएसएचडी आधी फाइल तपासतो, मग .एसएसएच, मग होम. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी बघतो: मालक तो वापरकर्ता किंवा रूट (मशीनचं मुख्य खातं) आहे का, आणि ग्रुपला किंवा इतरांना लिहायची परवानगी आहे का. वाचायच्या परवानगीला त्याची हरकत नसते. होम ७५५ आणि ऑथराइज्ड_कीज ६४४ बिनदिक्कत चालतं. अडतो तो फक्त डब्ल्यू, म्हणजे लिहायची परवानगी.

तपासणी फाइलकडून वर जाते, त्यामुळे लॉगमध्ये ज्याचं नाव आलं त्याच्या खालचं सगळं पास झालेलं असतं. सेलूच्या बाबतीत म्हणजे फाइल आणि .एसएसएच ठीक आहेत, खोट होमच्या मोडमध्ये आहे. आणि हे होम रोज रात्री कोणीतरी बदलतंय. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघा.

खाम_किनारा (छत्रपती संभाजीनगर)

ते अधिकचं चिन्ह म्हणजेच सगळी गोम आहे. त्या फोल्डरवर एसीएल लावलंय. गेटफॅकल /होम/सेलू चालवा आणि सकाळचं आउटपुट द्या, चमॉड मारण्याआधीचं.

उबुंटूवर का चालत होतं, त्याचं उत्तर वेगळं आहे. डेबियन आणि उबुंटूच्या ओपनएसएसएचमध्ये त्यांचा स्वतःचा एक पॅच असतो. ग्रुपला लिहायची परवानगी असली, पण त्या ग्रुपमध्ये त्या वापरकर्त्याशिवाय दुसरं कोणीच नसलं, तर ते निरुपद्रवी धरून सोडून दिलं जातं. सेलू खात्याचा ग्रुप सेलू, त्यात एकटा सेलू, म्हणून ७७५ असो की ७७०, तिथं खपून गेलं. रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे अल्मा, रॉकी वगैरेंत, ही सवलत नाही. तिथं ग्रुपचा डब्ल्यू दिसला की नकार. उबुंटूवरसुद्धा त्या ग्रुपमध्ये उद्या कोणी दुसरा घातला असता तर तेव्हाच बंद पडलं असतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं की ग्रुपमुळे बंद पडलंय.

पाऊसपाणी (परभणी)

सकाळचं आउटपुट असं आहे (आर वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स आत जाणं):

यूजर:: आरडब्ल्यूएक्स
यूजर:बॅकअप: आरडब्ल्यूएक्स
ग्रुप:: आरडब्ल्यूएक्स
मास्क:: आरडब्ल्यूएक्स
अदर:: ---

क्रॉन सापडला. रात्री दोन वाजता बॅकअपची स्क्रिप्ट चालते, तिची पहिलीच ओळ प्रत्येक होमवर ‘सेटफॅकल -एम यू:बॅकअप:आरडब्ल्यूएक्स’ मारते. -आर (आतल्या सगळ्यासकट) नाही, फक्त होमवर. बॅकअप झाला की ‘झालं’ नावाची रिकामी फाइल त्या होममध्ये ठेवली जाते, म्हणून लिहायची परवानगी दिली होती. पण परवानगी बॅकअप नावाच्या खात्याला दिलीय, ग्रुपला नाही. मग ग्रुपचा आकडा का बदलतो?

खाम_किनारा (छत्रपती संभाजीनगर)

एसीएल लावलं की स्टॅटमधला मधला आकडा ग्रुपचा राहत नाही, मास्कचा होतो. मास्क म्हणजे ग्रुप आणि नावानं दिलेली सगळी खाती मिळून जास्तीत जास्त किती परवानगी लागू होईल त्याची मर्यादा. सेटफॅकल -एम दरवेळी मास्क नव्यानं काढतो आणि त्या सगळ्या नोंदींची बेरीज त्यात टाकतो. बॅकअपला आरडब्ल्यूएक्स दिलं की मास्क आरडब्ल्यूएक्स, म्हणजे स्टॅटमध्ये ७. एसएसएचडी एसीएल वाचत बसत नाही, त्याला मोडचा आकडा दिसतो, आणि त्यात डब्ल्यू आहे.

तुम्ही चमॉड ७५० मारता तेव्हा मास्क आर-एक्स होतो, लॉगिन चालतं. बॅकअपची नोंद तशीच असते, फक्त तिच्यापुढं ‘इफेक्टिव्ह आर-एक्स’ येतं. रात्री स्क्रिप्ट मास्क पुन्हा काढते. म्हणून सकाळी बंद.

आता खाचखळगा इथं आहे, नीट बघा: तुमच्या आउटपुटमध्ये ‘ग्रुप::’ पण आरडब्ल्यूएक्स आहे. तो उबुंटूवरच्या ७७५ पासून आलाय. एसीएल असताना चमॉडने मधला आकडा बदलला तर फक्त मास्क बदलतो, ‘ग्रुप::’ ला तो हात लावत नाही. म्हणून नुसतं ‘सेटफॅकल -एक्स यू:बॅकअप’ करून भागणार नाही. मास्क पुन्हा ग्रुपवरून निघेल आणि पुन्हा ७७० येईल. क्रम असा ठेवा:

सेटफॅकल -बी /होम/सेलू
चमॉड ७५० /होम/सेलू
सेटफॅकल -एम यू:बॅकअप:एक्स /होम/सेलू
गेटफॅकल /होम/सेलू

पहिल्या ओळीनं एसीएल पूर्ण निघतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीतलं चमॉड आता खऱ्या ग्रुपवर लागतं. तिसरीत बॅकअपला फक्त ओलांडून आत जायची परवानगी. मास्क आर-एक्स निघेल, डब्ल्यू कुठंच नाही. चमॉड आधी आणि -बी नंतर केलंत तर होम पुन्हा ७७० वर जाईल.

‘झालं’ फाइल होममध्ये ठेवायचं बंद करा. एक आतलं फोल्डर करा, समजा ‘आवक’, आणि आरडब्ल्यूएक्स तिथं द्या. होमच्या आतल्या दुसऱ्या फोल्डरात ग्रुपचा डब्ल्यू असला तरी एसएसएचडीला देणंघेणं नाही. तो फक्त कीच्या वाटेवरचे फोल्डर बघतो.

सेटफॅकल -बी -आर करून सगळं होम साफ करायचा मोह आवरा. आतल्या डेटावर कोणी विचार करून एसीएल लावलं असेल तर तेही जाईल.

लातूरी_शेल (लातूर)

मान्य, स्ट्रिक्टमोड्स चालू राहू द्या. पण मग कायमचा उपाय हा घ्या: ही नऊ खाती माणसांची नाहीत, यंत्रांची आहेत. त्यांना स्वतःची की बदलायची गरजच नाही. की होममधून बाहेर काढा. कॉन्फिगमध्ये

ऑथराइज्डकीजफाइल /ईटीसी/एसएसएच/कीज/%यू

%यू च्या जागी खात्याचं नाव येतं. होमच्या परवानग्या कितीही बिघडल्या तरी लॉगिन अडणार नाही. कीज फोल्डर रूटच्या मालकीचं, ७५५. आतली फाइल रूटच्या मालकीची, पण ६४४. इथं हटकून ६०० केलं जातं आणि लॉगिन बंद पडतं. एसएसएचडी ती फाइल रूट म्हणून उघडत नाही, त्या वापरकर्त्याच्या ओळखीनं उघडतो. रूटची ६०० फाइल सेलूला वाचता येत नाही, झालं. सार्वजनिक की आहे ती, वाचली कोणी तर काय बिघडतं?

फाइल होमच्या बाहेर गेली की तपासणी होमपाशी थांबत नाही, थेट / पर्यंत जाते. / किंवा /ईटीसी वर चुकून ग्रुपचा डब्ल्यू असेल तर मग नऊच्या नऊ बंद. रूटने / मध्ये टार उघडलं आणि त्यात ‘.’ ची नोंद असली, की मुळाचाच मोड बदलतो. ते एकदा नेमआयने बघून घ्या.

आणि ही ओळ सगळ्यांना लागू होते. रूट किंवा तुमचं स्वतःचं खातं कीने येत असेल तर त्यांची फाइलही तिथं हवी, नाहीतर ही ओळ मॅच ब्लॉकमध्ये (ठरावीक खात्यांनाच लागू होणारा कॉन्फिगचा भाग) फक्त त्या ग्रुपपुरती टाका. रीलोड करण्याआधी एसएसएचडी -टी (छोटा टी) ने कॉन्फिग तपासा आणि उघडं असलेलं एक सेशन बंद करू नका. मशीन शेजारच्या खोलीत असलं तरी.

गोदाकाठचा_रूट (नांदेड)

हे चांगलं सुचवलंत. यंत्राच्या खात्यांना मी पण हेच करीन.

आता जिंतूर-गंगाखेड. एसएसएचडी आधी फाइल उघडतो, मग मोड तपासतो. ‘बॅड ओनरशिप’ची ओळ आली म्हणजे फाइल उघडली तरी गेली होती. तुमच्या या दोघांना ती ओळच येत नाही, म्हणजे उघडण्यातच अडलंय, आणि उघडता न आल्याची नोंद नेहमीच्या लॉगपातळीला दिसत नाही. साध्या परवानग्या ठीक असतील तर हा एसईलिनक्स (परवानग्यांच्या वर, फाइलचं लेबल बघून अडवणारा दुसरा पहारा). नवीन डिस्क, नवीन जागा, त्यामुळे लेबल चुकीचं. खात्री करा:

एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट
एलएस -झेड /होम२/जिंतूर/.एसएसएच (मोठा झेड, सोबत -एलडी)

पहिल्यात एसएसएचडीचं नाव आणि ‘डिनाइड’ दिसेल. दुसऱ्यात डिफॉल्ट_टी किंवा अनलेबल्ड_टी दिसलं तर प्रश्न मिटला. तिथं एसएसएच_होम_टी पाहिजे. उपाय:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम /होम२
रिस्टोरकॉन -आर -व्ही /होम२ (मोठा आर)

पहिली ओळ सांगते की /होम२ ला /होमचेच नियम लावा. दुसरी प्रत्यक्ष लेबल बदलते. नुसतं चकॉनने लेबल लावलं तर पुढच्या रिलेबलला ते पुसलं जातं. सेमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स हे पॅकेज टाका.

एक सांगून ठेवतो. एसएसएचडी डीबगमध्ये चालवून बघायचा असेल तर पूर्ण पत्त्यानं चालवावा लागतो:

/यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -डी -पी २२२२ (छोटा डी, छोटा पी)

परवानग्यांचा घोळ यात स्वच्छ दिसतो. एसईलिनक्सचा मात्र दिसत नाही. रूटच्या शेलमधून सुरू केलेला एसएसएचडी सिस्टिमडीने सुरू केलेल्यासारखा बंदिस्त नसतो, त्यामुळे २२२२ वर लॉगिन होतं आणि २२ वर होत नाही. असा फरक दिसला की समजायचं, एसईलिनक्सच आहे. सेटएनफोर्स ० करून (एसईलिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबवून) एकदा खात्री करायला हरकत नाही, पण लगेच परत १ करा. डिसेबल करून विषय संपवणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका.

पाऊसपाणी (परभणी)

दोन्ही लागू पडलं. सेलूसकट सातही खाती नवीन क्रमानं केली, रात्रीची स्क्रिप्ट बदलली, हातानं चालवून बघितली, स्टॅट ७५० वरच राहिलं. जिंतूरला डिफॉल्ट_टीच होतं, रिस्टोरकॉननंतर लगेच आलं.

आता जोडीला दुसरं: या खात्यांना त्यांच्या फोल्डरबाहेर जाऊ द्यायचं नाही. मॅच ग्रुप तालुका, क्रूटडिरेक्टरी %एच (क्रूट म्हणजे खात्याला त्याच्या होममध्येच कोंडणं), फोर्सकमांड इंटरनल-एसएफटीपी असं टाकलं. लॉगमध्ये की ‘अ‍ॅक्सेप्टेड’ येतंय आणि लगेच ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी’. क्लायंटला ‘ब्रोकन पाइप’. होम ७५० आहे, मालक सेलू, मग आता काय?

खाम_किनारा (छत्रपती संभाजीनगर)

इथला नियम जास्त कडक आहे. क्रूटचा फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर, मालक रूटच पाहिजे. वापरकर्ता मालक असलेला चालत नाही. ग्रुप-इतरांना डब्ल्यू नाही, हे आहेच. स्ट्रिक्टमोड्सचा याच्याशी संबंध नाही, ते ‘नो’ केलं तरी ही तपासणी होतेच.

चौन रूट:सेलू /होम/सेलू
चमॉड ७५० /होम/सेलू
चौन सेलू:सेलू /होम/सेलू/आवक

चौनमध्ये -आर लावू नका, .एसएसएचचा मालक सेलूच राहू द्या. ग्रुप सेलू ठेवलाय म्हणून त्याला आत येता येतं आणि एसएसएचडीलाही त्याच्या ओळखीनं की वाचता येते. रूट:रूट ७५० केलं तर की-लॉगिन पुन्हा बंद.

आता सेलूला होमच्या मुळाशी फाइल टाकता येणार नाही, फक्त आवकमध्ये. तालुक्याच्या मशीनवरच्या स्क्रिप्टमध्ये जायचा पत्ता /आवक करा, /होम/सेलू/आवक नाही. क्रूटनंतर त्यांच्या दृष्टीनं मूळ तेच.

बालाघाट (बीड)

तालुक्याच्या मशीन विंडोजवर असतील तर तिथली खासगी की पण बघा. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेली की बऱ्याचदा अशा फोल्डरात पडते जिथं मशीनवरच्या सगळ्यांना वाचायची परवानगी असते, आणि मग क्लायंटच ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ म्हणून ती वापरायला नकार देतो. सर्व्हरचा यात काही दोष नसतो. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, डिसेबल इनहेरिटन्स. मग जे खातं स्क्रिप्ट चालवतं तेवढंच ठेवा, बाकी काढा. लिनक्स क्लायंट असेल तर चमॉड ६००. सर्व्हरवर ६४४ चालतं, इथं नाही. खासगी कीला वाचायची परवानगीही दुसऱ्या कोणाला चालत नाही.

पाऊसपाणी (परभणी)

क्रूट झालं. मानवतची मशीन विंडोजची आहे, तिथं बालाघाट म्हणतात तेच निघालं. बाकी आठ ठीक.

लातूरी_शेल (लातूर)

स्थलांतराच्या वेळी जुन्या सर्व्हरवर गेटफॅकल -आर ने परवानग्यांची फाइल काढून ठेवली असेल तर ती आता सेटफॅकल --रिस्टोरने चढवू नका. त्या फाइलमध्ये मालकाची नोंद पण असते आणि रूटने चालवली तर मालकही परत फिरतो. होमचे मालक पुन्हा तालुक्याची खाती होतील, बॅकअपचा डब्ल्यू येईल, क्रूट आणि लॉगिन दोन्ही जाईल. आजच्या स्थितीची नवीन काढा आणि जुनी उडवा.